इशारा मागणारे मास्तर

"आली होती ना पांढरी गाडी?"

"आली होती. पण तिच्यावर निळा पट्टा होता."

"पट्टा!"

"अगं, मी देवाला पांढरी म्हणालो होतो. नुसती पांढरी. पट्टेवाली चालेल असं कुठं म्हणालो होतो?"

"मग रंगाचा नमुना पाठवायचा होतात त्याला! पडद्यांच्या कापडाचे ढीगभर पडलेत माझ्याकडे. दिला असता एक कापून."

मावशीने शिलाई मशीनचं चाक तळव्याने थांबवलं. मशीनखालून कुणाच्या तरी दिवाणखान्याचा लांबलचक पडदा जमिनीवर उतरला होता आणि काका तो ओलांडावा की वळसा घालून जावं या विचारात एक पाय उचलून उभे होते.

"आणि त्याआधी काय होतं? कबुतर."

"कबुतर बसलं नाही."

"बसलं होतं."

"शेजारच्या खिडकीत बसलं."

"म्हणजे देवाचा नेम चुकला! एवढं आभाळ, एवढे तारे जागच्या जागी ठेवतो, आणि तुमची खिडकी सापडली नाही त्याला."

काकांनी पडद्याला वळसा घातला.

ही माझी मावशी आणि तिचा नवरा. मावशी घरी पडदे शिवते, काका लोकांना मोटार शिकवतात, आणि मी नोकरीसाठी यांच्याकडे राहायला आल्यापासून हे भांडण ऐकते आहे. भांडण आहे एका मुलीवरून. शहराच्या टोकाला मुलांची एक संस्था आहे. तिथली सात वर्षांची एक मुलगी यांच्या घरी मुलगी म्हणून यायची आहे. दोन्ही गालांत बिस्किटं कोंबून बसते म्हणून मावशी तिला खारूताई म्हणते. घर बघून झालं, तपासण्या झाल्या, मंजुरी आली. आता फक्त दोघांनी मिळून जायचं आणि तिला आणायचं. त्या 'फक्त'पाशी काका महिनोन्महिने बसून आहेत. देवाने इशारा दिल्याशिवाय ते हलणार नाहीत.

आणि आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी संस्थेचं कार्यालय बंद होईपर्यंत हे दोघं गेले नाहीत, तर उद्या सकाळी खारूताईला दुसऱ्या गावी, मोठ्या मुलींच्या वसतिगृहात पाठवणार. संस्थेच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अहो, त्या पोरीचं सामान आम्ही किती वेळा बांधायचं आणि किती वेळा सोडायचं?" एकटीने जाऊन चालणार असतं, तर मावशी केव्हाच गेली असती. दोघं लागतात.

"आज मागतो शेवटचा," काका बूट घालत म्हणाले. "स्पष्ट मागतो."

"मागा. आणि या वेळी पट्ट्याचं आधीच बोलून घ्या."

काका उशीर झाला म्हणत खाली गेले. मी मागोमाग. माझं कामाचं ठिकाण त्यांच्या पहिल्या शिकवणीच्या परतीच्या वाटेवर आहे, म्हणून मी रोज त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर फुकट बसते आणि कुत्सितपणे गप्प राहते.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला तर मास्तरांनी दाबायचा. आमच्या काकांचा पाय त्याच्यावरून कधी उठतच नाही. गावात त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. शिकणारा ब्रेक दाबायच्या आत हे दाबतात; तो हळू दाबतो, हे जोरात दाबतात. समोरच्याला वाटतं, वा, काय छान थांबवली मी! मग परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसतो. तो पाय दुमडून बसतो. आणि आमच्या मास्तरांचे विद्यार्थी एकामागून एक फुटपाथवर चढतात. आजवर कुणाला लागलं नाही, ही देवाचीच कृपा, असं काका मनापासून म्हणतात.

जे गाडीत, तेच घरात. तरुणपणी भागीदारीत स्वतःची शाळा काढायची संधी आली होती. काकांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, देव नको म्हणतोय. तळमजल्यावरची हवेशीर जागा स्वस्तात मिळत होती. देव नको म्हणाला. मावशीला पडद्यांचं दुकान टाकायचं होतं, तेव्हाही देवाचं तेच. मावशी एकदा म्हणाली होती, "तुमच्या देवाला 'हो' म्हणताच येत नाही का हो? का तुम्ही त्याला तेवढा एकच शब्द शिकवलाय?" मला तर वाटतं देवाला कुणी गाठून विचारलं, तर तो म्हणेल, हा माणूस माझ्याकडे यायचा खरा, पण प्रश्न विचारून उत्तर ऐकायच्या आतच उठून जायचा. लोकांना पक्के परवाने मिळवून देणाऱ्या या गृहस्थाने देवाला आयुष्यभर शिकाऊ परवान्यावर ठेवलं.

याहून मोठी गंमत आठवड्यातून एकदा असते. काका प्रार्थनामंडळात बोलतात. विषय? विश्वासाचं पाऊल! खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभे राहतात आणि गहिवरून सांगतात, "पाय टाकल्याशिवाय जमीन लागत नाही, मित्रांनो." मित्र डोळे पुसतात. एका सुताराने हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली, दोन रंधे आणि एक करवत घेऊन स्वतःचं काम सुरू केलं आणि आभार मानायला घरी आला. काकांचा चेहरा असा पडला, की जणू त्याने यांच्याच अंगावरचे कपडे विकले होते. "सोडली? नोकरी? अरे, जरा घाई नाही का झाली?" सुतार बिचारा गोंधळून उभा. "पण तुम्हीच म्हणालात ना..." "म्हणालो, म्हणालो. पण ते सर्वसाधारण बोलणं होतं रे." सुताराचं काम आता जोरात चालतं. काका त्याच्या गल्लीतून गाडी नेत नाहीत.

खारूताईच्या बाबतीत मात्र नुसता भित्रेपणा नव्हता, हे कबूल करायला हवं. तिला फिट्स येतात. गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात आहेत, वाढत्या वयात कमीही होतील असं डॉक्टर म्हणतात, पण येतात. सुरुवातीच्या एका भेटीत संस्थेच्या अंगणात आम्ही बाकावर बसलो होतो. ती काकांना बिस्किट देत होती आणि देता देताच कोसळली. मावशीने गुडघ्यांवर बसून तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला स्कार्फ सारला. तोवर काका मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले होते. हात पोटाशी, तोंड उघडं. थोड्या वेळाने पोरीने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "माझं बिस्किट कुठंय?" ते काकांच्या बुटाखाली होतं.

त्या दिवसापासून इशारे मागणं सुरू झालं.

तर त्या सकाळी काका गॅरेजवर गेले. मिस्त्रीकडे गाडी रात्रीपासून होती. सीट पुढेमागे सरकायची पट्टी अडकत होती. मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा पीत होता. काकांनी त्याला हाक मारली नाही, फळीवरची किल्ली उचलली आणि गाडी काढली. एरवी असं करत नाहीत. पण पट्टेवाल्या गाडीवरून झालेलं भांडण डोक्यात घुमत होतं.

कोपऱ्यावर बेकरीवाला उभा होता. हा काकांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. परीक्षेत नापास होऊन होऊन परीक्षकांशी त्याची घरोबा म्हणावा अशी ओळख झाली आहे. प्रचंड देह, भुवयांना पीठ. स्टिअरिंगमागे बसला की चाक त्याच्या पोटात रुतून बसतं.

"मास्तर, आज उतारावर नको."

"आज उतारच."

"पाव जळताना बघवत नाही ना, तसं मला उतार बघवत नाही."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच बसतो हो."

पाण्याच्या टाकीकडे चढत जाणारा रस्ता आहे, तिथं आम्ही वर गेलो आणि खाली यायला लागलो. अर्ध्यात एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला लागली. ओलांडायला लागली आणि ढकलगाडीचं चाक कुठल्याशा खाचेत अडकलं. ती वाकून ते ओढत बसली.

"ब्रेक!" काका ओरडले आणि त्यांनी पाय असा दाबला, की त्यांचं डोकं छताला लागलं.

गाडी थांबली. बाईपासून सन्मानपूर्वक अंतरावर थांबली. बाईने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक सोडवलं आणि गेली.

काकांनी रुमालाने मान पुसली. "बघितलंत? बघितलंत ना? आज मी नसतो तर?"

"तुम्ही नसता तर मी तुरुंगात असतो," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या भुवयांवरच्या पिठाचा घामाने लगदा झाला होता. "देवमाणूस आहात मास्तर."

"देवाने वेळेवर पाय दाबवला माझा. दुसरं काही नाही."

मी मागे बसून डोळे फिरवले. देव जर एवढ्या तातडीने पाय दाबवत असेल, तर तोच पाय संस्थेच्या दिशेने एकदा उचलवत का नाही?

परत येताना गॅरेजवरून आलो, तर मिस्त्री रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा. एका हातात पाना, दुसऱ्या हातात लोखंडाचं काहीतरी बारीकसं.

"थांबा! अहो मास्तर, गाडी नेलीत कशी? मला न विचारता?"

"तू चहा पीत होतास."

"चहा पीत होतो, मेलो नव्हतो! ही बघा, ही क्लिप माझ्या हातात आहे. सीटखालची पट्टी काढायला तुमच्या पेडलची केबल सोडली होती मी. सकाळपासून तुमच्या बाजूचा ब्रेक शोभेचा आहे, शोभेचा!"



"शक्य नाही," काका म्हणाले. "आत्ता उतारावर दाबला मी. गाडी थांबली."

"तुम्हाला पेडल कडक लागलं असेल, स्प्रिंग आहे ना तिथं. पण पुढे काही जोडलेलंच नाही. या, खाली वाकून बघा. दाबा. दाबा की! काही हललं?"

काकांनी दाबलं. मिस्त्रीने आपलं डोकं आत घातलं, मग बेकरीवाल्याचं घालायला लावलं, मग माझं. मास्तरांचं पेडल वरखाली होत होतं आणि मूळ ब्रेक आपल्या जागी शांत होता.

बेकरीवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो दार उघडून रस्त्यात उतरला. "म्हणजे उतारावर... मी? मी थांबवली?"

"मग काय तुझ्या पावांनी थांबवली?" मिस्त्री म्हणाला.

"मी थांबवली!" त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याला धरलं. "भाऊ, मी थांबवली!" सायकलवाला कसाबसा सुटला. बेकरीवाल्याने मिस्त्रीला मिठी मारली, गाडीच्या टपावर थापा मारल्या आणि काकांच्या खिडकीत तोंड घालून म्हणाला, "मास्तर, रागावू नका, पण इतके दिवस तुम्ही मला थांबवूच दिलं नाहीत हो!"

यावर काका काहीतरी बोलतील, निदान भाषणाचा तरी वास लागेल त्यांना, असं मला वाटलं. प्रार्थनामंडळात काय रंगला असता हा किस्सा! खुर्चीची पाठ, गहिवर, डोळे पुसणारे मित्र. मी तर त्या भाषणाची मनातल्या मनात टवाळीही सुरू केली होती. पण काका नुसते बसून राहिले. पाय पेडलवरच होता. दाबत होते, सोडत होते.

मी पुढे वाकून मुद्दाम गोड आवाजात विचारलं, "काय काका? मिळाला का इशारा?"

"नाही," ते म्हणाले. "इशारा असता तर त्यात मी काहीतरी खोट काढली असती."

माझी टवाळी वाया गेली, याचा मला राग आला.

दुपारी मी कामावरून लवकर सुटले. संध्याकाळी नाट्य होणार आणि ते आपल्याशिवाय होऊ नये, एवढाच हेतू. घरी आले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. गॅरेजची हकिकत त्यांनी मावशीला सांगितलेली होती, कारण तिचं मशीन आणि तोंड दोन्ही वेगात होतं.

"म्हणजे तुमचा पाय नव्हताच. देवाचाही नव्हता. त्या बेकरीवाल्याचा होता! आणि तुम्ही श्रेय देवाला देऊन मोकळे. बरं झालं बाई, देवाचीही फुकटची बदनामी टळली."

"हं."

"हं काय? घड्याळ बघा. कार्यालय बंद व्हायला आलं. काय ठरलं?"

"काही इशारा नाही आला."

"नाहीच येणार! कंटाळला असेल तो. इतक्या वेळा दिला, तुम्ही दर वेळी परत केलात."

"अगं, मी..."

"तुम्ही काय? तुम्ही लोकांना सांगता, पाय टाका, जमीन लागेल. सुताराला टाकायला लावलात. स्वतः मात्र उंबऱ्यावर! ती पोर तिकडं पिशवी मांडीवर घेऊन बसली असेल. तिला कुणी सांगायचं, की तुझा होणारा बाप कबुतराची वाट बघतोय?"

"भीती वाटते मला," काका म्हणाले.

मशीन थांबलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य या घरात कुणी ऐकलं नव्हतं. देव नको म्हणतो, वेळ आली नाही, अजून प्रार्थना करू. ही वाक्यं भिंतींना पाठ आहेत. हे नवीन होतं.

"ती पडली आणि मी पुन्हा भिंतीला जाऊन टेकलो तर?"

"तर टेकाल," मावशी म्हणाली. आवाज तिचाच, पण धार जरा कमी. "आणि मग भिंत सोडून पुढे याल. तुम्हाला जन्मभर तिथं खिळे मारून थोडंच ठेवणार आहे कुणी?"

"देव मला धरेल का ते मला माहीत नाही."

"मंडळात तर छातीठोक सांगता."

"तिथं खुर्ची असते धरायला."

मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात ढकललं. काका खाली मान घालून बसले होते. ओठ हलत होते. प्रार्थना करत होते. मावशीने माझ्याकडे पाहून हात झटकला: झालं, आता चालली संध्याकाळ यातच. मीही तेच समजले. मला वाटलं, आता 'आमेन' की 'तथास्तु' काय ते होईल, मग पाणी पितील, मग म्हणतील की उद्या सकाळी फोन करून बघू.

प्रार्थना फारच आखूड निघाली. काका उठले. कपाटाकडे गेले आणि वरच्या फळीवरून, मावशीने कधीची शिवून ठेवलेली छोटी रजई काढली. ती काखेत धरली. कागदांची पिशवी घेतली. मग बूट घालायला बसले. नाडी दोनदा सुटली. शूर वगैरे मुळीच दिसत नव्हते. शाळेत पहिल्या दिवशी नेतात तसल्या पोरासारखे दिसत होते. नाक तेवढं ओढायचं राहिलं होतं.

"कुठं निघालात?" मावशीने विचारलं.

काका नाडीशी झगडत होते.

"अहो, रजई कशाला?" आणि मग तिला कळलं. ती उठून उभी राहिली. मांडीवरचा पडदा, टाचण्यांची डबी, कात्री, सगळं खाली गेलं. "आत्ता? म्हणजे, आत्ताच?"

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. माझी मावशी, जिच्या जिभेपुढे अख्खी चाळ वाट सोडते, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतके महिने ती जोर लावून ढकलत होती. पण ढकलताना ही भिंत हलणार नाही याची तिलाही खात्री होती की काय?

"अहो, थांबा जरा. नीट विचार करू. रात्रीबेरात्री तिला काही झालं तर? डॉक्टर किती लांब आहेत. आणि मी सांभाळलं तिला, ते एकदाच. तेव्हा तिथं त्या बाई होत्या, नर्स होती. रोज जमेल का मला? अहो, गादीसुद्धा आणलेली नाही तिच्यासाठी. मी आपली बोलत होते. बोलतेच ना मी? तुम्ही कधीपासून माझं ऐकायला लागलात?"

काकांनी नाडीची कशीबशी गाठ मारली. चुकीची होती, दुसऱ्या बुटाची जीभ आत दुमडलेली होती. ते उभे राहिले, रजई पुन्हा नीट काखेत घेतली.

"देवाने काही सांगितलं का?" मावशी त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. पायाखाली टाचण्या होत्या, तिला त्याचं भान नव्हतं. "अहो, आत्ता प्रार्थना केलीत ना? काय म्हणाला तो? हो म्हणाला? बोला की! हो म्हणाला का?"

काकांनी दार उघडलं आणि ते जिना उतरू लागले.